चाल कुणाची, ते आधी लिहा

गणपती महिनाभरावर आले की बेळगावात डॉल्बीचा वाद ठरलेला. पोलीस शांतता समितीची बैठक बोलावतात, मंडळांचे कार्यकर्ते माना डोलावतात आणि विसर्जनाच्या रात्री कपिलेश्वर तलावाकडच्या रस्त्यावर दुकानांची शटरं थरथरायची ती थरथरतातच. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा, रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हे सगळं मंडळाच्या अध्यक्षापासून हवालदारापर्यंत सर्वांना पाठ आहे. दुसरा वाद भाषेचा. कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीत कुठलं गाणं वाजलं, शिवजयंतीच्या चित्ररथापुढे कुठलं वाजू दिलं नाही, यावरून आमच्याकडे डोकी फुटायची वेळ येते. दोन्ही वाद खरे आहेत आणि दोन्हींत मी माझी बाजू घेऊन बसलेलो आहे. पण तो एवढा मोठा आवाज मुळात कुणाच्या गळ्यातून निघाला, हे विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

मागे एकदा मिरवणूक खडेबाजारात अडकली होती. डॉल्बीवर यल्लम्माचं गाणं चालू होतं. खाली बेसचा दणका आणि वर एका म्हाताऱ्या बाईचा किनरा, किंचित घोगरा आवाज. एका ओळीच्या शेवटी तिचा श्वास तुटला होता, तो तुटलेला श्वाससुद्धा पोरानं तालात बसवला होता. जनरेटरमध्ये डिझेल भरायला गाडी थांबली तेव्हा ऑपरेटरला विचारलं, "ही बाई कोण रे?"

"कुठली बाई, काका?"

"गाणारी."

"ते होय! सॅम्पल हाय ते. पॅकमध्ये आलंय."

सॅम्पल म्हणजे दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातून उचललेला तुकडा, पॅक म्हणजे अशा तुकड्यांचा गठ्ठा. सांगून टाकतो, मला तो मिक्स आवडला. चौंडक्याची, म्हणजे जोगतिणींच्या एकतारी वाद्याची, ती ताणत नेलेली, वर सरकणारी 'टुंग' आणि खालचा कीक, म्हणजे ड्रमचा ठोका, यांची गाठ त्या पोरानं अशी मारली होती की एखाद्या शिकलेल्या संगीतकारालाही सहज जमू नये. तेव्हा इथून पुढे जे लिहितोय ते 'आजकालच्या पोरांनी लोकसंगीताची वाट लावली' या जातीचं नाही. वाट लावलेली नाही. पण एक हिशेब बाकी ठेवलेला आहे.

हा मिक्स तयार कसा होतो ते बघा. लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ हे संगीत जुळवायचं सॉफ्टवेअर उघडायचं. जुन्या कॅसेटवरून किंवा जत्रेत कुणीतरी मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओतून आवाज घ्यायचा. आवाज आणि वाद्यं वेगळी करणारी अ‍ॅपं आता फुकट मिळतात, त्यामुळे चौंडकं एकीकडे आणि बाई एकीकडे करणं दोन मिनिटांचं काम. मग वेग वाढवायचा, पट्टी चढवायची, सगळ्यात झोंबणारी ओळ कापून तीच पुन्हापुन्हा लावायची आणि खाली कीक. शेवटी टॅग: दर अर्ध्या मिनिटाला एक भारदस्त आवाज घुमतो, 'डीजे अमुक इन द मिक्स'. टॅग कशासाठी? दुसऱ्या डीजेनं आपला मिक्स उचलून स्वतःच्या नावावर खपवू नये म्हणून. म्हणजे नाव चोरीला जातं, ते राखावं लागतं, हे या पोराला चांगलं कळतं. पाच मिनिटांत तो आपलं नाव दहादा ऐकवतो. बाईचं एकदाही नाही.

सॅम्पल घेणं ही चोरी, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. 1999 च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेलं 'प्रेझ यू' हे फॅटबॉय स्लिमचं, म्हणजे नॉर्मन कुकचं, सिंगल घ्या. त्यात त्याचं स्वतःचं असं वाजवलेलं फारसं काही नाही. गळा कॅमिल यारब्रो या अमेरिकन कवयित्री-गायिकेचा. तिच्या 1975 च्या गाण्याची सुरुवात वाद्यांशिवाय, नुसत्या आवाजात आहे. तेवढा तुकडा उचलून कुकनं त्याचा वेग वाढवला. पियानो घेतला ध्वनियंत्रणा तपासण्यासाठी काढलेल्या एका रेकॉर्डवरून, हे आमच्या डॉल्बीवाल्यांना ऐकून बरं वाटेल. गिटार आली मिकी माऊसच्या डिस्को रेकॉर्डवरून. भंगारबाजारात फिरून आणलेल्या सामानातून घर बांधावं तसा हा प्रकार, आणि घर उत्तम झालं. 24 वर्षांपूर्वीचा एका काळ्या बाईचा आवाज ज्या पोरांनी तिचं नाव कधी ऐकलं नव्हतं त्यांच्या अंगात संचारला. ही सॅम्पलची ताकद आहे आणि ती मी नाकारत नाही.

त्याचा व्हिडिओ तर आमच्या मिरवणुकीचा चुलतभाऊ शोभावा. दिग्दर्शक स्पाइक जोन्झ. लॉस एंजेलिसमधल्या एका थिएटरच्या दारात, परवानगी न काढता, हौशी नाचणाऱ्यांचा एक खोटाच गट उभा केलेला आणि खुद्द जोन्झ त्यात पुढे. टेपरेकॉर्डर जमिनीवर ठेवून ही मंडळी मनापासून, वेडीवाकडी नाचतात. सिनेमाला आलेली माणसं थबकून बघतात. थिएटरचा कर्मचारी येऊन टेप बंद करतो, तेसुद्धा कापलेलं नाही. खर्च म्हणे 800 डॉलर. 1999 च्या एमटीव्ही पुरस्कारांत त्याला तीन बक्षिसं मिळाली. गल्लीतल्या गणपतीपुढे बनियन पिळून नाचणाऱ्या कुणालाही हा व्हिडिओ समजावून सांगावा लागणार नाही.

आता त्यात कॅमिल यारब्रो कुठे दिसते? कुठेच नाही. गाणं आठवलं की लोकांना तो गबाळा नाच आठवतो. व्हिडिओचा स्वभावच असा असतो, तो आवाजाला दुसराच चेहरा चिकटवतो. पण कागदावर, जिथे पैशांचा हिशेब होतो तिथे, कुकच्या शेजारी यारब्रोचं नाव गीतकार म्हणून छापलेलं आहे. एवढ्या एका ओळीनं दोन्ही माणसं ताठ मानेनं उभी राहू शकतात.

त्याच दशकातलं दुसरं उदाहरण बघा. तैवानमधल्या अमिस या आदिवासी जमातीतला शेतकरी कुओ यिंग-नान, अमिस नाव दिफांग. तो आणि त्याची बायको 1988 मध्ये फ्रान्सला एका सांस्कृतिक कार्यक्रमात गायला गेले, तिथे त्यांचं ध्वनिमुद्रण झालं. वडीलधारे मद्य घेताना गातात ते गाणं. त्या मुद्रणातला गळा उचलून एनिग्मा या प्रकल्पाच्या मायकेल क्रेटूनं 'रिटर्न टू इनोसन्स' बांधलं. 1994 मध्ये ते जगभर गाजलं. त्याचा व्हिडिओ सुंदर आहे: एक म्हातारा मरतो आणि तिथून आयुष्य उलटं चालू लागतं, फळं झाडाला परत जाऊन लागतात. सगळं चित्रण स्पेनमधलं, अमिस माणूस त्यात औषधालाही नाही. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकच्या प्रचारात ते गाणं वापरलं गेलं आणि तिकडे तैवानात बोभाटा झाला की हा तर आपल्या दिफांगचा आवाज. खटला झाला, 1999 मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली, नाव मिळालं, पैसे मिळाले. 2002 मध्ये म्हातारा गेला. त्याला न्याय मिळाला तो ऑलिंपिकमुळे. ऑलिंपिकच्या जागी येळ्ळूरची किंवा उचगावची मिरवणूक असती तर कुणाला काय कळलं असतं?

इथे आमचे मित्र म्हणतात, अहो, लोकगीतावर कुणाची मालकी? पिढ्यान्‌पिढ्या गातायत. अर्धं खरं आहे. 'उदं गं आई उदं' या हाकेवर कुणाचीच मालकी नाही आणि नसावीही. मार्गशीर्षात पौर्णिमेला कोल्हापूर-निपाणीकडून सौंदत्तीच्या डोंगराकडे गाड्या निघतात, त्यांत ती मराठीत ऐकू येते, डोंगरावर पोचेपर्यंत कानडीत मिसळून जाते. शब्द समाजाचे, चाल समाजाची. पण अमुक दिवशी, अमुक झाडाखाली, अमुक बाईनं जो गळा लावला तो समाजाचा नाही, त्या बाईचा आहे. आपला 1957 चा कॉपीराइट कायदाही आता हेच म्हणतो. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा हक्क त्यात 1994 च्या दुरुस्तीनं आला, 2012 च्या दुरुस्तीनं तो पक्का झाला. सादरीकरणानंतर 50 वर्षं तो हक्क टिकतो. त्यात आपण गायलं असं नावानिशी सांगितलं जाण्याचा हक्क आहे आणि व्यापारी वापरातल्या मोबदल्याचाही. कायद्याला जोगतीण आणि पार्श्वगायिका सारख्याच. फरक पडतो तो कोर्टाची पायरी कोण चढू शकतो यानं.

आणि पायरी चढता येते तेव्हा काय होतं, तेही आपण पाहिलंय. 2002 मध्ये ट्रुथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेच्या 'अ‍ॅडिक्टिव्ह' या गाण्यात लतादीदींचा 'थोडा रेशम लगता है' मधला आवाज सरसकट वापरलेला निघाला. मूळ गाणं 1981 च्या सिनेमातलं, संगीत बप्पी लाहिरींचं. प्रकरण लॉस एंजेलिसच्या कोर्टात गेलं आणि लाहिरींचं नाव छापल्याशिवाय त्या सीडीची विक्री नको, असा आदेश 2003 मध्ये निघाला. तेव्हा आपण सगळ्यांनी छाती फुगवली होती. अमेरिकनांनी आमच्या दीदींचा आवाज न विचारता घेतला म्हणून संतापणारे आम्हीच, गोकाककडच्या एखाद्या म्हातारीचा आवाज घेतला की 'पारंपरिक' असं लिहून मोकळे होतो.

हे 'पारंपरिक' लिहिण्यामागे भक्तिभाव कमी आणि सोय जास्त आहे. यूट्यूबवर मोठ्या कंपनीच्या सिनेमातलं गाणं चढवलं तर यंत्र ते आपोआप ओळखतं, लगेच क्लेम येतो आणि जाहिरातीचे पैसे कंपनीकडे वळतात. म्हणून डीजे पोरं सिनेमाच्या गाण्याला जपून हात लावतात. जोगतिणीच्या आवाजावर क्लेम येत नाही, कारण तिच्या आवाजाचा ठसा त्या यंत्रात कुणी भरलेलाच नाही. ज्याच्या पाठीशी कंपनी आहे त्याचं नाव यंत्र राखतं. ज्याच्या पाठीशी कुणी नाही त्याचं नाव आपण राखायचं असतं, ते आपण राखत नाही.

कॅसेटच्या जमान्याचं मला फार कौतुक नाही. तेव्हाही गाणाऱ्याला एकरकमी काहीतरी टेकवून बोळवण व्हायची आणि कॅसेट पुढे कितीही खपली तरी त्याला पत्ता नसायचा. पण निदान कव्हरवर फोटो असायचा, खाली नाव, बऱ्याचदा गावाचंही नाव. सौंदत्तीच्या जत्रेतल्या दुकानात त्या कव्हरांच्या रांगा लागलेल्या असत आणि बायका फोटो बघून कॅसेट मागत. पुढे कॅसेटची एमपीथ्री झाली, एमपीथ्रीचं पेनड्राइव्ह झालं, पेनड्राइव्हचं पॅक झालं. प्रत्येक टप्प्यावर आवाज जास्त लांब पोचला आणि नाव तेवढं गळत गेलं. आता फाइलवर लिहिलेलं असतं 'यल्लम्मा हार्ड बेस 2'. व्हिडिओ निघालाच तर ड्रोनवरून उसाचा फड, भंडारा उधळणारी पोरं, डोक्यावर देवीचा जग घेतलेली, ब्युटी पार्लरमधून थेट आलेली एक मुलगी. ती ओठ हलवते. हसू येतं, पण त्या मुलीवर माझा राग नाही. तिलाही दिवसाचा मेहनताना मिळालेला असतो. या सगळ्या कारभारात फुकट राबलेलं माणूस एकच, ती गाणारी बाई.

घेण्याला विरोध असता तर आम्हा सीमाभागातल्या लोकांना आपला सगळा वारसाच सोडावा लागला असता. अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले गुर्लहोसूरला, सौंदत्तीच्याच मुलखात. 1880 मध्ये त्यांनी पुण्यात 'शाकुंतल' उभं केलं तेव्हा त्यांच्या कानात कीर्तन होतं, लावणी होती, कानडी पदंही होती. मराठी संगीत नाटक चाली उचलतच मोठं झालं. पण जुन्या नाटकाची छापील प्रत उघडून बघा. पदाच्या वर बारीक टायपात लिहिलेलं असतं, चाल: अमुक. ज्या गाण्यावरून चाल घेतली त्याचे पहिले शब्द तिथे दिलेले. प्रेक्षकाला गाता यावं हा त्यात व्यवहार होता, तरी ऋण कुठलं ते उघड्यावर होतं. कोर्ट नाही, क्लेम नाही, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या छापखान्यातली ही साधी शिस्त. आज व्हिडिओखाली वर्णन लिहायला कितीतरी मोकळी जागा असते. तिथे बुकिंगचा मोबाइल नंबर असतो, इन्स्टाग्राम असतं, लाइटवाल्याचं नाव असतं, चालीची ओळ मात्र नसते.

आमच्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीला 1924 मध्ये जन्मलेले कुमार गंधर्व यांचंही बघा. कानडी घरातला हा मुलगा देवासला जाऊन आजारपणात खाटेवर पडला आणि खिडकीतून येणारी माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत राहिला. त्या धुनांतून त्यांनी धुनउगम राग काढले. घेतलंच की त्यांनी! पण पुढे मैफल मांडली तेव्हा तिचं नाव 'मालवा की लोकधुनें' ठेवलं, घर कुठलं ते दारावरच लिहिलं. त्यांच्याही कार्यक्रमात त्या बायकांची एकेकटीची नावं नव्हती, हे मान्य करायला हवं. मात्र कुमारांनी धून घेऊन स्वतःच्या गळ्यानं गायली. सॅम्पलमध्ये गळाच दुसऱ्याचा असतो, त्यामुळे इथली जबाबदारी कुमारांपेक्षाही मोठी आहे.

आता जो भाग मला स्वतःला अवघड जातो, त्याकडे येतो. नाव द्या, नाव द्या म्हणून मी ओरडतोय, पण त्या बाईला ते हवंय का? यल्लम्माची गाणी गाणाऱ्या कितीतरी बायका लहानपणी देवीला सोडलेल्या. कर्नाटकानं 1982 मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदा केला, त्याआधी आणि काही ठिकाणी त्यानंतरही ज्यांच्या गळ्यात मोती बांधले गेले, त्यांची नातवंडं आज बेळगावात, हुबळीत, पुण्यात नोकऱ्या करतात. आजीचं नाव आणि 'जोगतीण' हा शब्द एकत्र मोबाइलवर फिरावा असं त्या घराला वाटेलच असं नाही. दुसरीकडे जोगती नृत्याच्या तृतीयपंथी कलाकार मंजम्मा जोगती यांना 2021 चा पद्मश्री मिळाला, त्या राष्ट्रपती भवनात आपल्याच ढंगात गेल्या आणि कर्नाटकाच्या जानपद, म्हणजे लोककला, अकादमीचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. नाव कुणाला ओझं वाटेल आणि कुणाला मान, हे लॅपटॉपपुढे बसून ठरवता येत नाही. म्हणून क्रम असा हवा: आधी विचारायचं, मग पैशांचं बोलायचं, मग तिनं हो म्हटलं तर नाव. बाई नको म्हणाली तर नाव झाकूनही पैसे पोचवता येतात. जोगव्याच्या परडीत पीठ टाकताना आपण नाव कुठे विचारतो?

सापडणार कुठे ती बाई, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. बेळगाव जिल्ह्यात हा प्रश्न फार टिकत नाही. तोच ऑपरेटर एका फोनवर कोकाकोलाच्या ट्रकएवढी बेसची भिंत निपाणीहून मागवतो. जत्रेतला व्हिडिओ कुणी चढवला ते त्या व्हिडिओवरच असतं, त्याला विचारलं तर गाव कळतं, गावात विचारलं तर घर. खरोखर नाहीच सापडली तर मूळ ध्वनिमुद्रण कुठलं आणि कुठल्या जत्रेतलं, एवढं तरी लिहावं. उद्या तिचा नातू ऐकेल आणि ओळखेल. दिफांगला असंच ओळखलं गेलं.

सर्वांत जोरकस आक्षेप मात्र आमच्या चळवळीतल्या लोकांचा असतो, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून 1956 पासून आम्ही भांडतोय. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कानडी हवी म्हणून आमच्या पाट्यांना काळं फासलं जातं. अशा दिवसांत मराठी पोरगा चौकात मराठी गाणं वाजवतोय हेच मोठं, आणि तुम्ही त्याचीच उलटतपासणी घेता? घेतो. कारण पाटीवर, परिपत्रकावर, सातबाऱ्यावर आपलं नाव आपल्या भाषेत असावं एवढ्या एका मागणीवर ज्या समाजानं तीन पिढ्या काढल्या, त्याला नाव गाळलं जाणं म्हणजे काय हे शिकवावं लागू नये. शिवाय त्या मिक्समधली बाई पुष्कळदा कानडी असते. तिचा गळा मराठी मिरवणुकीत चालतो, तिचं नाव चालत नाही, असं झालं तर समोरच्याला आपण कुठल्या तोंडानं बोलणार? हेच उलटही आहे. कानडी जानपद डीजेंच्या मिक्समध्ये आमच्या वारकऱ्यांचा, आमच्या हलगीवाल्यांचा आवाज बिननावाचा घुमतो, तेव्हा तिथेही हाच नियम मागायचा आहे. त्यासाठी आधी आपलं अंगण झाडलेलं असावं.

हे काम सरकारवर सोपवावं असं मला वाटत नाही. अकादमी परिपत्रक काढेल, ते धूळ खाईल. ज्याच्या हातात डॉल्बीची सुपारी, म्हणजे ठरवाठरव, आहे त्याच्या हातात हे आहे, म्हणजे मंडळाच्या. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा इथे गावकरी स्वतःच्या खिशातून मराठी साहित्य संमेलनं भरवतात. त्या मांडवात एखादा तास आसपासच्या जोगतिणींना, भजनी बुवांना, हलगीवाल्यांना द्यावा, त्यांना विचारून नावानिशी ध्वनिमुद्रण करावं आणि ते डीजे पोरांना रीतसर वापरायला द्यावं. पोरांना चोरटा, खरखरीत आवाज हवाय असं थोडंच आहे? स्वच्छ आवाज मिळाला तर ती पहिली धावतील.

आणि सुपारी देताना कागदावर एक ओळ वाढवायची. तिथे आज काय काय असतं? बेस किती, टॉप किती, लेझर, ट्रॅक्टर-ट्रॉली, जनरेटरचं डिझेल, ऑपरेटर आणि दोन पोरांचं जेवण. वर्गणीच्या पावत्या फाडून हे सगळं निभतं, लाखाच्या घरात जातं तरी निभतं. त्यात गाणाऱ्या बाईसाठी दोन-पाच हजार बसत नाहीत असं ज्या मंडळाचं म्हणणं असेल, त्यांच्या हिशेबाची वही मी एका संध्याकाळी फुकट बघून द्यायला तयार आहे.